मागून दिसणारी ट्रॉली

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे जो लाल दिवा असतो, त्याचा ट्रॅक्टरवाल्याला स्वतःला काही उपयोग नसतो. हेडलाइट गेला की ड्रायव्हरला तत्क्षणी कळतं, कारण पुढचा रस्ता दिसेनासा होतो. मागचा दिवा विझला तर काहीच अडत नाही. ट्रॅक्टर तेवढ्याच ताकदीनं ओढतो, ऊस कारखान्याच्या काट्यावर पोचतो, वजन होतं, पावती मिळते. तो दिवा असतो मागून येणाऱ्या, ओळखही नसलेल्या माणसासाठी. ट्रॉलीच्या सगळ्या सुट्या भागांत मागच्या दिव्याची आणि त्याच्या वायरची आबाळ होते, ती म्हणूनच. आपल्याकडे पंपाच्या, मोटरसायकलच्या, घरच्या वायरिंगबद्दल लोक बरंच जाणून असतात. ट्रॉलीच्या वायरिंगबद्दल मात्र ‘लाव एक वायर आणि पेटव’ एवढाच विचार होतो.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की रात्रीचे रस्ते उसाच्या वाहनांनी भरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या, वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर. मागून मोटरसायकल सत्तरच्या वेगानं येते. दोघांतलं अंतर दर सेकंदाला सुमारे १४ मीटरनं कमी होत जातं. डिपरवर असलेल्या हेडलाइटच्या उजेडात काळपट, न चमकणारी वस्तू साधारण चाळीस-पन्नास मीटरवर आल्यावरच ओळखू येते, म्हणजे हाताशी तीन-साडेतीन सेकंद उरतात. त्यातला दीड सेकंद समोर काय आहे हे समजून ब्रेकवर पाय जाण्यातच जातो.

ट्रॉली उभी असेल तर हिशेब आणखी वाईट. सत्तरच्या वेगानं दीड सेकंदात २९ मीटर मागे पडतात आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून थांबायला आणखी ३४ मीटर लागतात. एकूण ६३ मीटर हवेत आणि दिसतंय पन्नासावर. दिव्यानं आणि रिफ्लेक्टरनं भरून काढायचं असतं ते हे मधलं अंतर.

दिवा कुठे बसवायचा

दिवा चांगला निवडला, वायरही चांगली टाकली, तरी उसाच्या ट्रॉलीत एक अडचण राहतेच. ट्रॉली बांधून देणारा कारागीर दिवे मागच्या चॅनेलला, फळक्याच्या खाली बसवतो. रिकाम्या ट्रॉलीला ती जागा अगदी योग्य आहे. पण ऊस भरला की मोळ्या मागे हात-दीड हात बाहेर येतात, वाडं आणि पाचट खाली लोंबतं आणि दिवा झाकला जातो. तो पेटलेला असतो, पण दिसतो तो फक्त खाली वाकून पाहणाऱ्याला.

यावर युरोपात फार जुना आणि साधा इलाज आहे: सुटी लाइटची पट्टी. ट्रॉलीच्या रुंदीची एक पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन दिवे, दोन रिफ्लेक्टर, मधे नंबर प्लेट आणि तीन-चार मीटर मोकळी केबल. माल भरून झाला की ही पट्टी मालाच्या अगदी शेवटच्या टोकाला अडकवतात आणि प्लग लावतात. उसासाठी याहून सोयीचं काही मला सुचत नाही. गावातला कोणताही वेल्डर अँगल किंवा अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपात अशी पट्टी बनवून देईल. दोन हूक आणि दोन साखळ्या लावल्या की ती मोळ्या बांधायच्या दोरावर अडकते. कारखान्यात ट्रॉली रिकामी करण्याआधी ती काढून घ्यायची आणि ट्रॅक्टरवर ठेवायची. दिवा क्रेनच्या साखळीत सापडून फुटण्याचा प्रश्नही त्यानं सुटतो. अट एकच, ट्रॉलीच्या मागच्या टोकाला एक पक्कं सॉकेट हवं.

रिफ्लेक्टरला वायर लागत नाही, म्हणून तो कधी ‘जात’ नाही, असा समज आहे. तो जातो, पण हळूहळू. रिफ्लेक्टरच्या लाल प्लास्टिकमागे किंवा चांगल्या प्रतीच्या टेपच्या आत काटकोनात भेटणाऱ्या तीन-तीन पृष्ठभागांचे बारीक कोपरे असतात. प्रकाशाचा किरण अशा कोपऱ्यात शिरला की तीन वेळा उलटून जिथून आला त्याच दिशेला परत जातो. साध्या टेपमध्ये हेच काम काचेचे बारीक मणी करतात. दोन्हींवर चिखलाचा पातळ थर बसला तरी पुरे: प्रकाशाला आत जाताना एकदा आणि बाहेर येताना पुन्हा एकदा तो थर ओलांडावा लागतो, त्यामुळे नुकसान दुप्पट होतं.

रिफ्लेक्टर तपासायचा तर दिवसा बोट फिरवून काही कळत नाही. रात्री ट्रॉलीपासून पन्नास-साठ पावलं मागे जा आणि टॉर्च कमरेशी न धरता डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला टेकवून धरा. मग रिफ्लेक्टरकडे बघा. प्रकाश आल्या वाटेनं परत येत असल्यामुळे टॉर्च आणि डोळा जवळजवळ असतील तेव्हाच तो जसा चमकतो तसा दिसतो. टॉर्च खाली नेली की तोच रिफ्लेक्टर मंद होतो. टॉर्च डोळ्यापाशी असूनही तो फिका, तपकिरी दिसत असेल तर बदला. याच तपासणीत नुसता लाल रंग दिलेला पत्रा किंवा चकचकीत लाल स्टिकर लगेच उघडा पडतो. दिवसा तो रिफ्लेक्टरसारखाच दिसतो, रात्री मात्र काहीच परत पाठवत नाही.

टेपचे रंग आवडीनं निवडायचे नसतात. पुढे पांढरी, दोन्ही बाजूंना पिवळी, मागे लाल. लांबून येणाऱ्याला वाहनाची कुठली बाजू आपल्याकडे आहे हे रंगावरूनच कळतं. हौसेनं मागे पांढरी पट्टी लावली तर समोरून काहीतरी येतंय असा भास होऊ शकतो. बाजूची पिवळी पट्टीही गाळू नये. शेतातून डांबरीवर वळताना दोन ट्रॉल्यांची लांबलचक रांग रस्ता आडवा अडवून उभी असते आणि त्या वेळी मागचा एकही दिवा येणाऱ्याच्या दिशेला नसतो.

संथ वाहनाचा म्हणून जगभर ओळखला जाणारा जो नारिंगी त्रिकोण आहे, तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात केन हार्कनेस यांच्या कामातून पुढे आला. त्याची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. मधला नारिंगी भाग दिवसा, धुक्यात, संध्याकाळी झळकतो. कडेची लाल पट्टी रात्री हेडलाइट पडल्यावर चमकते. एकाच पत्र्यात दिवस आणि रात्र दोन्हींची सोय. हा त्रिकोण विजेवर चालत नाही आणि फ्यूजही होत नाही. ज्याला आज काहीच करायला वेळ नाही, त्यानं निदान एवढं तरी करावं.

सात पिनांचं सॉकेट

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यातली वीज जाते ती सात पिनांच्या गोल सॉकेटमधून. १२ व्होल्टसाठी याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १७२४. त्यात पिन आणि रंग ठरलेले आहेत. पहिली पिन पिवळी, डावा इंडिकेटर. दुसरी निळी, धुक्याचा किंवा जादा दिवा. तिसरी पांढरी, अर्थ. चौथी हिरवी, उजवा इंडिकेटर. पाचवी तपकिरी, उजवा टेल लॅम्प. सहावी लाल, ब्रेक. सातवी काळी, डावा टेल लॅम्प. आकडे सॉकेटच्या प्लास्टिकवर कोरलेले असतात. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात नीट पाहिले की दिसतात.

घोटाळा होतो तो काळ्या वायरवर. आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताला सवय असते की काळी म्हणजे अर्थ. इथे काळीत टेलचा प्रवाह आहे आणि अर्थ पांढरीत. काळी वायर चॅनेलच्या बोल्टाखाली दाबली की पार्किंगचं बटण दाबताच फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो. शॉर्ट तसाच राहतो, फ्यूज मात्र उडत नाही, आणि वायर तापून वरचं प्लास्टिक वितळायला लागतं. शेजारी वाळलेलं पाचट लोंबत असताना हे करणं म्हणजे भरल्या ट्रॉलीला स्वतःच्या हातानं आग लावणं आहे. फ्यूज उडाला तर तो आपलं काम करतोय. त्याला बाजूला करायचं नसतं, तो का उडाला ते शोधायचं असतं.

जुन्या बाजारातून ट्रकचं सॉकेट आणलं तर आणखी एक फरक निघतो. ट्रकच्या २४ व्होल्टच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थ पहिल्या पिनवर असतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून सॉकेट विकत घेताना प्लगही त्याच दुकानातून, त्याच जोडीचा घ्यावा आणि तिथेच एकमेकांत बसवून पाहावा. धातूच्या बॉडीचं टिकाऊ असतं, पण झाकणाची स्प्रिंग कडक आहे ना हे महत्त्वाचं. झाकण ढिलं असलं की पहिल्याच पावसात आत पाणी जातं आणि पितळी पिनांवर हिरवट थर चढतो.

आणि रंगांवर आंधळा विश्वास नको. एखादी ट्रॉली चार हातांखालून गेलेली असते. पहिल्या मालकानं नीट केलेलं वायरिंग तिसऱ्यानं हाताला लागेल त्या वायरनं जोडलेलं असतं. टेस्ट लॅम्प घ्या. १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब, त्याला दोन वायर, एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला टोकदार सुई. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सुई एकेका पिनवर टेकवा आणि दुसऱ्या माणसाला एकेक बटण दाबायला सांगा. पाच मिनिटांत सगळं सॉकेट वाचून होतं.

अर्थ मिळत नाही

ट्रॉलीच्या दिव्यांचं दुखणं घेऊन कोणीही गॅरेजमध्ये गेलं की पहिल्यांदा बल्ब बदलला जातो. बल्ब स्वस्त असतो आणि पटकन बदलता येतो. पण दुखणं बहुतेक वेळा परतीच्या वाटेत असतं. वीज बॅटरीतून निघून दिव्यात जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिला दिव्यातून बॅटरीत परतही यावं लागतं हे विसरलं जातं. अनेक ट्रॉल्यांना परतीची वायरच नसते. दिव्याचा अर्थ ट्रॉलीच्या लोखंडाला, ट्रॉलीचं लोखंड हुकातून आणि पिनेतून ट्रॅक्टरच्या लोखंडाला, असा प्रवास असतो. हुकाची पिन गंजलेली असते, तिच्यावर ग्रीस असतं, खड्ड्यात ती उसळते. त्यामुळे दिवा रस्त्यानं लुकलुकत जातो आणि गॅरेजसमोर उभा केला की नेमका व्यवस्थित पेटतो.

अर्थ तुटलाय हे ओळखायची एक खूण इतकी पक्की आहे की ती एकदा समजून घेतली तर निम्मं वायरिंग समजलं. मागच्या दिव्यातल्या बल्बमध्ये दोन तारा असतात. ५ वॅटची बारीक तार टेलसाठी, २१ वॅटची जाड तार ब्रेकसाठी. दोघींचा अर्थ एकच, बल्बची पितळी टोपी. समजा उजव्या होल्डरचा अर्थ गेला. टेलचं बटण दाबलं. प्रवाह बारीक तारेतून टोपीपर्यंत येतो, तिथे रस्ता बंद. मग तो जाड तारेतून उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरीनं डाव्या दिव्यात जातो आणि तिथल्या अर्थातून परततो. जाड तारांना विरोध कमी, म्हणून उजवा दिवा जवळपास नेहमीसारखाच पेटतो आणि कोणालाही संशय येत नाही. आता ब्रेक दाबा. ब्रेकच्या वायरीतही १२ व्होल्ट आले. उजव्या बल्बच्या दोन्ही तारांच्या बाहेरच्या टोकांना सारखाच दाब झाला, प्रवाहाला जायला जागाच उरली नाही, आणि दिवा विझला.

म्हणजे जेव्हा तो सगळ्यांत तेज व्हायला हवा, त्याच क्षणी तो जातो. ब्रेक दाबल्यावर टेल लॅम्प विझत असेल, किंवा पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंना अगदी मंद लाली येत असेल, तर बल्बला हात लावू नका. सरळ अर्थाकडे जा.

इलाज एकच. तिसऱ्या पिनेपासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र पांढरी वायर टाका, बाकीच्या सगळ्या वायरींपेक्षा जाड. चॅनेलला अर्थ जोडायचाच असेल तर जादा म्हणून जोडा, त्याच्यावर विसंबू नका. जोडताना रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा, लग बोल्टखाली दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली फासा. रंगावर आवळलेला बोल्ट कितीही घट्ट असला तरी तो अर्थ होत नाही.

वायरची जाडी

आता थोडा आकड्यांचा भाग, पण तो टाळू नये, कारण पैसे इथेच चुकीच्या जागी वाचवले जातात. ब्रेकचे दोन २१ वॅटचे बल्ब १२ व्होल्टवर मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या मागच्या टोकापर्यंत वायरची लांबी १५ मीटर धरू. जायची १५, यायची १५, एकूण ३० मीटर. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरला मीटरमागे सुमारे ०.०१८ ओहम विरोध असतो. तीस मीटरचा विरोध ०.५४ ओहम, आणि साडेतीन अँपिअरला त्यात जवळजवळ १.९ व्होल्ट खर्ची पडतात. बल्बला उरतात दहाच्या आसपास.

१२ च्या जागी १० म्हणजे दिवा सहावा हिस्सा मंद होईल असं वाटतं. तसं होत नाही. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं घसरतो, त्यामुळे या हिशेबात तो निम्म्याच्या थोडा वरच राहतो. हीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर घट पाऊण व्होल्टची होते आणि सुमारे ऐंशी टक्के प्रकाश टिकतो. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली तर ब्रेक लाइट लागलाय की नाही हेच उन्हात कळत नाही. लांबच्या वाफ्याला बारीक पाइपानं पाणी नेलं तर मोटर कितीही चांगली असली तरी टोकाला धार येत नाही, तसंच हे आहे. दुकानदार ‘एवढ्याशा बल्बला एवढी जाड वायर कशाला’ असं विचारेल. त्याला अंतर सांगा. ट्रॅक्टरवरच्या टेपला आणि स्पीकरला लोक जाडजूड वायर टाकतात आणि मागच्या दिव्याला घरातली उरलेली. माझ्या मते हा क्रम उलटा व्हायला हवा.

घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर इथे चालत नाही. ट्रॉलीच्या हादऱ्यांनी ती आतल्या आत तुटते आणि वरून मात्र धड दिसते. बऱ्याच बारीक तारांची गाडीची वायर घ्यावी. स्वस्तात मिळणाऱ्या काही वायरींत अॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो. एक तार काढून ब्लेडनं खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. तसा दिसला तर ती वायर परत करा.

वायर चॅनेलच्या आतल्या अंगानं, फ्लेक्सिबल पाइपात घालून न्यावी आणि हातभराच्या आत पट्ट्यांनी बांधावी. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. तो नसला की पत्र्याची धार एका हंगामात वायर कापते. चारचाकी ट्रॉलीच्या टर्नटेबलपाशी आणि उचलणाऱ्या हायड्रॉलिक ट्रॉलीच्या बिजागरीपाशी वायरला ढील ठेवावी, पण ती चाकाला किंवा जमिनीला लागणार नाही इतपतच. जोड शक्य तितके कमी. पिळून टेप गुंडाळलेला जोड उन्हात चिकट होऊन सुटतो. दाबून बसवायची नळी आणि वर गरम करून आवळणारी स्लीव्ह, हा जोड ट्रॉलीवर सगळ्यांत टिकतो. नुसतं डाग दिलेलं टोक कडक होतं आणि हादऱ्यानं कडेपाशी तुटतं.

सगळं झाल्यावर मल्टिमीटरनं एक माप घ्या. ब्रेक दाबलेला असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरनं जोडा, दुसरं दिव्याच्या होल्डरच्या अर्थाला टेकवा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर परतीची वाट चांगली. दोन व्होल्ट आला तर कुठेतरी गंज आहे. एकेक जोड मागे येत मापा, आकडा जिथे एकदम उतरतो तिथेच दोष.

बल्ब की एलईडी

बल्ब बदलताना त्याच्या टोपीवरचं लिखाण वाचायचं: १२ व्होल्ट, २१/५ वॅट. ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब दिसायला तंतोतंत तसाच असतो, होल्डरमध्ये बसतोही, पण १२ व्होल्टवर जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश देतो. दोन तारांच्या बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच पद्धतीनं बसावा. जोर लावून उलटा बसवला की टेलच्या जागी ब्रेकची तार कायम पेटते आणि ब्रेक दाबल्यावर फरकच दिसत नाही.

नवीन घ्यायचं असेल तर मी एलईडीच सुचवीन. हादऱ्यांनी तुटणारी तार त्यात नसते आणि प्रवाह फार कमी लागतो, त्यामुळे लांब वायरीतली घट नगण्य होते. १० ते ३० व्होल्ट असं लिहिलेला दिवा घ्यावा. व्होल्टेज थोडं पडलं तरी त्याचा प्रकाश टिकतो. आणि आयपी ६७ पाहावं. त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. पण एलईडी लावला म्हणून खराब अर्थ सुधारत नाही, तो फक्त काही काळ लपतो.

इंडिकेटर मात्र एलईडी लावल्यावर भराभर उघडझाप करायला लागतात. जुना फ्लॅशर बल्बच्या भारावर चालतो. भार कमी झाला की त्याला वाटतं एक बल्ब गेला. त्यासाठी एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. याच्या उलट अडचणही असते. ट्रॅक्टरचे पुढचा-मागचा आणि दोन ट्रॉल्यांचे असे एका बाजूला २१ वॅटचे चार बल्ब झाले की सात अँपिअर लागतात. फ्लॅशरवर किती वॅटचा भार लिहिलाय ते पाहून घ्यावं.

ट्रॉली रस्त्यात उभी राहते तेव्हा

अंधारात उभी ट्रॉली सगळ्यांत धोक्याची, हे सुरुवातीच्या हिशेबात आलंच. ती उभी राहते ती बहुधा टायर किंवा बेअरिंगमुळे, म्हणून दिव्यांच्या प्रकरणात बेअरिंगबद्दल लिहिणं मला विषयांतर वाटत नाही. ट्रॉलीच्या हबमध्ये तिरप्या रोलरची दोन बेअरिंगं असतात, आतलं मोठं, बाहेरचं लहान. बदलताना कडेवर कोरलेला नंबर पूर्ण उतरवून घ्या. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो: ३०२१० मध्ये १० गुणिले ५, म्हणजे ५० मिलिमीटर. पण तेवढ्यावर भागत नाही. ३२२१० चंही भोक ५०, बाहेरचा व्यासही तोच ९०, रुंदी मात्र ३ मिलिमीटरनं जास्त. ‘साइज तीच आहे, बसेल’ असं म्हणून दिलेलं बेअरिंग बसतं, पण नट पुरता येत नाही किंवा ग्रीसची सील जागेवर राहत नाही. रोलरसोबत हबमधली बाहेरची रिंगही बदलायची. जुन्या झिजलेल्या रिंगेत नवे रोलर फार दिवस टिकत नाहीत. नट आवळताना चाक फिरवत राहा, चाक जड झालं की नट थोडा मागे घ्या आणि नवी स्प्लिट पिन घाला. चार-पाच किलोमीटर गेल्यावर हबला हात लावून पाहा. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर तिथेच थांबून नट पाहा.

खंडेनवमीला ट्रॉली धुऊन पूजेला उभी करतात. हंगाम तोंडावर असतो आणि तपासणीला तोच दिवस चांगला. फक्त प्रेशरचं पाणी सॉकेटवर आणि हबच्या सीलवर मारू नये. आत गेलेलं पाणी महिनाभरानं गंज होऊन समोर येतं.

एवढं करूनही बंद पडली, तर दोन्ही बाजूंचे सगळे इंडिकेटर लावा, पण रात्रभर त्यांच्या भरवशावर राहू नका. आठ बल्ब निम्मा वेळ पेटत राहिले तर सरासरी सात अँपिअर जातात. ७५ ते ९० अँपिअर-तासाची ट्रॅक्टरची बॅटरी पहाटेपर्यंत इंजिन सुरू करण्याच्या लायकीची राहत नाही. म्हणून चमकणारा त्रिकोण ट्रॅक्टरवर कायम ठेवावा आणि ट्रॉलीच्या मागे निदान शंभर पावलं जाऊन ठेवावा. दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण दिसेपर्यंत ब्रेकची वेळ निघून गेलेली असते. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. ट्रॉलीभोवती मोठे दगड मांडायची आपल्याकडे रीत आहे. अंधारात दगड ट्रॉलीइतकाच अदृश्य असतो आणि दुचाकीवाल्याला तोच पाडतो. काही नसेल तर उसाचं हिरवं वाडं पसरा, त्यावरून चाक गेलं तरी तोल जात नाही. तरीही दगड लावलेच असतील, तर चाक बदलून झाल्यावर ट्रॅक्टर सुरू करण्याआधी ते एकेक उचलून रस्त्याच्या कडेला, साइडपट्टीच्याही पलीकडे टाकायचे.